पडद्यावरचा प्रलय

दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांच्या दुकानात हिरव्या सुतळीने आवळलेला एक गोळा मिळतो. त्याला आपण बिनदिक्कत 'अ‍ॅटम बॉम्ब' म्हणतो. सहा-सात वर्षांचा पोरगा "बाबा, दोन अ‍ॅटम बॉम्ब घ्या" असे अशा सुरात सांगतो, की जणू दोन करंज्याच मागतो आहे! ६ ऑगस्ट १९४५ रोजी ज्या वस्तूने हिरोशिमा शहर एका सकाळीत भाजून काढले, तिचे नाव इतके घरगुती व्हावे याचे प्रथम नवल वाटते. पण विचार केला, तर माणसाची ही जुनीच रीत आहे. ज्याची भीती फार, त्याचे खरे नाव तो घेत नाही. आपल्या आजीने रात्री सापाला कधी साप म्हटले नाही, 'लांबडे' म्हटले. अंगभर फोड उठवून माणसे नेणाऱ्या रोगाला आपण 'देवी' म्हणालो आणि हात जोडले.

चित्रपटवाल्यांनी गेली सत्तर वर्षे थोडेफार हेच केले आहे. ज्याची कल्पनाही करवत नाही ते अणुयुद्ध त्यांनी दोन तासांच्या गोष्टीत बसवले, त्याला नायक दिला, नायिका दिली, कधी गाणेही दिले.

मला या चित्रपटांचा नाद आहे. कोणाला जुनी नाणी जमवण्याचा असतो, कोणाला पोस्टाच्या तिकिटांचा. मला जगबुडीच्या चित्रपटांचा. चित्रपट मंडळांच्या खुर्च्यांवर, पुढे व्हिडिओच्या फितींवर आणि हल्ली घरच्या पडद्यावर मी ते पाहत आलो आहे. आमच्या घरी हा नाद फारसा चांगला समजला जात नाही. "चकलीची भाजणी दळून आणायची राहिली आहे, आणि तुम्ही बसलात पुन्हा जग बुडवत!" हे आमच्या सौभाग्यवतींचे ठरलेले वाक्य. तिचे म्हणणे खोटे नाही. तरीपण या नादातून मला एक प्रश्न सापडला आहे आणि तो भाजणीइतकाच घरातला आहे, असे मला वाटते. जग वाचायचे झाले, तर ते कोणाच्या भरवशावर? यंत्राच्या, की माणसाच्या? अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोन महासत्तांच्या युद्धाची चित्रे काढताना चित्रपटांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले. प्रत्यक्ष इतिहासाने मात्र दुसरेच दिले. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

ढगाची वाट पाहणारे शहर

आरंभ जपानपासून करावा लागतो, कारण बॉम्ब प्रथम पडला तो तिथे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट निघाला: १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी होडीवर पांढरी राख पडली. होडीवर २३ खलाशी होते. सगळे आजारी पडले आणि त्यांतला बिनतारी यंत्र चालवणारा सप्टेंबरमध्ये वारला. याच स्फोटानंतर २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी आपल्या लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची सूचना मांडली होती.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला जपानात 'गोजिरा' हा चित्रपट लागला. बॉम्बच्या चाचणीने समुद्राच्या तळातून जागा झालेला एक अजस्र प्राणी येतो आणि टोकियो जाळतो. पुढे या प्राण्याची खेळणी झाली, मुलांच्या सदऱ्यांवर त्याची चित्रे आली. पण इशिरो होंडा यांचा तो पहिला कृष्णधवल चित्रपट खेळण्यातला नाही. त्याची सुरुवातच समुद्रात अचानक चमकणाऱ्या उजेडाने आणि त्यात नाहीशा होणाऱ्या बोटीने होते. जपानी प्रेक्षकाला तो उजेड कोणाचा, हे सांगावे लागले नाही.

पाच वर्षांनी, १७ डिसेंबर १९५९ रोजी, स्टॅन्ली क्रेमर यांचा 'ऑन द बीच' जगातल्या अनेक मोठ्या शहरांत एकाच दिवशी झळकला. नेव्हिल शूट यांच्या कादंबरीवरून तो घेतलेला. कथेत युद्ध होऊन गेले आहे. उत्तर गोलार्धात कोणी उरलेले नाही. किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर हळूहळू दक्षिणेकडे सरकते आहे आणि ऑस्ट्रेलियातले मेलबर्न शहर तिची वाट पाहते आहे. हाती काही महिने आहेत. ग्रेगरी पेकने केलेला पाणबुडीचा कप्तान, एवा गार्डनरची एकाकी स्त्री, फ्रेड अ‍ॅस्टेअरचा मोटारींच्या शर्यतीचे वेड असलेला शास्त्रज्ञ: सगळी चांगल्या घरची माणसे आणि सगळी शिस्तीने मरतात. शेवटी गोळ्यांसाठी रांगा लागतात, त्यासुद्धा धक्काबुक्कीवाचून.

यातला एक प्रसंग विसरता येत नाही. मृत अमेरिकेतून, सॅन डिएगोच्या बाजूने, तारायंत्राचे तुटक संदेश येत असतात. कोणी जिवंत असेल या आशेने पाणबुडी तिकडे जाते. संरक्षक पोशाख घातलेला खलाशी आत जाऊन पाहतो, तर खिडकीच्या पडद्याच्या दोरीत एक कोकाकोलाची बाटली अडकली आहे; वारा आला की ती तारायंत्राच्या दांडीवर आपटते. बस्स, एवढाच तो संदेश!

या चित्रपटात युद्ध कसे सुरू झाले, हे कोणी नीट सांगू शकत नाही. शास्त्रज्ञ एवढेच म्हणतो, की कोणीतरी कुठेतरी पडद्यावर काहीतरी पाहिले असावे आणि क्षणभरही थांबायची सोय नव्हती. हे वाक्य पुढच्या सगळ्या चित्रपटांचे बीज आहे. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

जपान्यांनी १९६१ साली 'सेकाई दाइसेन्सो' म्हणजे 'जागतिक महायुद्ध' या नावाचा चित्रपट काढला. तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. पण कुटुंबवत्सल वाचकांना मी तोच आधी सुचवीन. नायक टोकियोतला साधा मोटारचालक. शेअर बाजारात चार पैसे गुंतवावेत, मुलीचे लग्न करावे, बायकोला सुख द्यावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. मुलीचे लग्न एका बोटीवरच्या तरुणाशी ठरले आहे. महासत्ता आपसांत भांडतात, जपानला कोणी विचारत नाही, आणि एका संध्याकाळी हे कुटुंब शेवटचे जेवण मांडून बसते. मुलगी घरच्या बिनतारी यंत्रावरून समुद्रात असलेल्या आपल्या माणसाशी बोलते. 'आपण सुखी होतो', एवढेच ते दोघे एकमेकांना कळवतात. क्षेपणास्त्रे येतात ती त्यानंतर.

एका वर्षाची दोन भावंडे

१९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रकरणाने जग खरोखरच कड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत अमेरिकेत एकाच विषयावर दोन चित्रपट निघाले. दोन्हींचे वितरण कोलंबिया कंपनीकडे, दोन्हींची कथा अशी की अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने रशियाकडे निघाली आहेत आणि ती परत बोलावता येत नाहीत. एक हसवून मारतो, दुसरा न हसवता.

हसवणारा, 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह', जानेवारी १९६४ चा. स्टॅन्ली कुब्रिक यांनी पीटर जॉर्ज यांच्या एका गंभीर कादंबरीवरून गंभीरच चित्रपट करायचे योजले होते. पण पटकथा लिहिताना प्रत्येक प्रसंगात काहीतरी हास्यास्पद निघू लागले. ते काढून टाकावे तर सत्यच निघून जाऊ लागले! तेव्हा त्यांनी प्रहसन केले. पीटर सेलर्स यांनी त्यात तीन भूमिका केल्या. एक सेनापती वेडा होतो. पाण्यात फ्लोराइड घालणे हा शत्रूचा कट आहे, अशी त्याची खात्री असते, आणि तेवढ्यावरून तो विमाने सोडतो. त्यांना परत बोलावण्याचा सांकेतिक शब्द एका इंग्रज अधिकाऱ्याला सापडतो, पण राष्ट्राध्यक्षांना फोन करायला त्याच्या खिशात सुटे पैसे नसतात. शेजारच्या कर्नलला तो कोकाकोलाचे यंत्र फोडायची विनवणी करतो आणि कर्नल म्हणतो, ही खाजगी कंपनीची मालमत्ता आहे! पहा, पाच वर्षांपूर्वी मेलेल्या जगातून संदेश पाठवत होती तीही कोकाकोलाचीच बाटली. दोन दिग्दर्शकांना निरनिराळ्या वाटांनी एकच गोष्ट सुचावी, याचे मला नेहमी कौतुक वाटते. प्रलयसुद्धा शेवटी सुट्या पैशांवर आणि बाटल्यांवर येऊन अडतो.

न हसवणारा, 'फेल सेफ', त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. यात वेडा कोणी नाही. एक यंत्र बिघडते आणि चुकीचा हुकूम जातो. सगळे शहाणे, सगळे सभ्य, तरीही विमान मॉस्कोवर पोहोचते. हेन्री फोंडा यांनी केलेले राष्ट्राध्यक्ष फोनवर रशियाच्या प्रमुखाशी दुभाष्यामार्फत बोलत राहतात. ही खरोखर चूक होती, हे पटवण्यासाठी ते अखेर स्वतःच्याच न्यूयॉर्क शहरावर बॉम्ब टाकण्याचा हुकूम देतात. त्या दिवशी त्यांची पत्नी न्यूयॉर्कमध्येच असते. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची रोजची माणसे एकेक करून जागच्या जागी थिजतात आणि पडदा काळा होतो.

हा चित्रपट आम्ही उभयतांनी घरी पाहिला. मी त्या राष्ट्राध्यक्षांच्या त्यागाने भारावून गेलो होतो आणि तसे बोलूनही दाखवले. सौभाग्यवती मटार सोलत होती. ती म्हणाली, "त्याग त्यांचा कसा? गेली ती बायको. तिला कोणी विचारले का?"

मी बराच वेळ निरुत्तर होतो. मग लक्षात आले, की 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्येही सगळ्या चित्रपटात मिळून एकच स्त्री आहे आणि युद्धाच्या त्या प्रचंड गोल मेजाभोवती एकही नाही. या चित्रपटांचा कॅमेरा तळघरात, नकाशांपुढे, फोनांपाशी उभा होता. वर घराघरांत कोण होते, हे त्याने पाहिलेच नव्हते.

कॅमेरा घरात येतो

घरात शिरण्याचे धाडस प्रथम पीटर वॉटकिन्स या तरुण इंग्रज दिग्दर्शकाने केले. बी. बी. सी.साठी १९६५ साली त्याने 'द वॉर गेम' हा ४८ मिनिटांचा चित्रपट केला. केंट परगण्यावर बॉम्ब पडला तर काय होईल, हे त्याने बातमीपटासारखे दाखवले; नट घेतले ते बहुतेक तिथलेच साधे रहिवासी. भाजलेली मुले, पोलिसांच्या गोळ्या, अन्नासाठी दंगली. तो प्रक्षेपणासाठी फार भयंकर आहे, असे कारण देऊन बी. बी. सी.ने तो दाखवायचे नाकारले. चित्रपटगृहांत लागल्यावर त्याला सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्कर मिळाले; मूळ दूरचित्रवाणीवर मात्र तो दिसला तो १९८५ साली, वीस वर्षांनी! खोट्या गोष्टीला खऱ्याचे बक्षीस मिळाल्याची ही मौजेची, पण विचार करायला लावणारी गोष्ट.

१९८० नंतर दोन्ही महासत्तांनी युरोपात नवी क्षेपणास्त्रे आणली आणि भीती पुन्हा उसळली. त्या दोन-तीन वर्षांत निघालेले चित्रपट हे मला या सगळ्या परंपरेचे सार वाटतात. २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर 'द डे आफ्टर' दाखवला गेला आणि सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. गोष्ट कॅन्सस प्रांतातली. शेतांच्या मधोमध जमिनीत क्षेपणास्त्रे पुरलेली आहेत. एका दुपारी लोक पाहतात, की आपलीच क्षेपणास्त्रे धूर सोडीत वर चालली आहेत, म्हणजे अर्ध्या तासात त्यांची येणार. एक शेतकरी बायकोला तळघरात चल म्हणतो, आणि ती पलंगांवरच्या चादरी नीट करीत राहते. एक काम पुरे झाल्याशिवाय घर सोडायचे नाही, हा तिचा हट्ट. अखेर तो तिला ओढत नेतो आणि ती किंचाळते. बॉम्ब पडल्यानंतर त्या वाहिनीने एकही जाहिरात दाखवली नाही. त्यांनाही तेवढी लाज वाटली म्हणायची.

त्याच महिन्यात आलेल्या 'टेस्टामेंट'मध्ये तर बॉम्ब दिसतही नाही. खिडकीतून लख्ख उजेड येतो आणि संपले. कॅलिफोर्नियातले लहान गाव, बाप कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला, घरी आई आणि तीन मुले. मग एकेक मूल जाते. आई आपल्या हातांनी चादरीची पिशवी शिवून मुलाला त्यात ठेवते. लिन लिटमन या स्त्रीने तो दिग्दर्शित केला आहे, आणि ते कळते.

पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर १९८४ रोजी, बी. बी. सी.ने 'थ्रेड्स' दाखवला. शेफील्ड या पोलादाच्या गावातले एक तरुण जोडपे, लग्न ठरलेले, नव्या खोलीच्या भिंतींना कागद लावण्यात दंग. बातम्या मागे चालू असतात; कोणी नीट ऐकत नाही. मग बॉम्ब पडतो, आणि बाकीचे चित्रपट जिथे थांबतात तिथून हा पुढे तेरा वर्षे चालत राहतो. जळत्या शहरांच्या काजळीने सूर्य झाकून थंडी पडेल, हा 'अणुहिवाळ्या'चा सिद्धांत कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकताच, डिसेंबर १९८३ मध्ये, मांडला होता. तो इथे शेतात उतरलेला दिसतो. पिके नाहीत, औषधे नाहीत, आणि हळूहळू भाषाही नाही. युद्धानंतर जन्मलेली मुले एक झिजलेली फीत पाहून शब्द शिकतात आणि चार शब्दांपलीकडे बोलत नाहीत. भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला बॉम्बच्या स्फोटापेक्षा या प्रसंगाची भीती जास्त वाटेल. मला वाटली.

आणि १९८६ चे व्यंगपटासारखे दिसणारे 'व्हेन द विंड ब्लोज'. रेमंड ब्रिग्ज यांच्या चित्रपुस्तकावरून केलेला हा चित्रपट म्हणजे जिम आणि हिल्डा या म्हाताऱ्या इंग्रज जोडप्याची गोष्ट. सरकारी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे जिम घराची दारे काढून भिंतीला साठ अंशांच्या कोनात टेकवतो आणि त्याआड बसायचे ठरवतो. साठ अंश नीट मोजण्याची त्याला फार काळजी. बॉम्ब येत असल्याचे रेडिओ सांगतो तेव्हा हिल्डाला ओव्हनमधला केक करपेल याची चिंता. दुसऱ्या दिवशी दूध आले नाही, वर्तमानपत्र आले नाही; पण सरकारने काहीतरी व्यवस्था केली असेलच, असे ते एकमेकांना सांगत राहतात. मला त्या दोघांत माझे काका-काकू दिसले. रेशनच्या रांगेत शिस्तीने उभी राहणारी, पावती जपून ठेवणारी, 'वरचे लोक बघतील' म्हणणारी. या चित्रपटात कोणी वाईट नाही. मारते ती आज्ञाधारकताच.

पलीकडची बाजू

वाचक म्हणतील, हे सगळे इकडचे झाले, रशियात काय? तिथे उशीर झाला, पण जे झाले ते मोठे होते. कॉन्स्टान्टिन लोपुशान्स्की यांचा 'मृत माणसाची पत्रे' १९८६ साली आला. लेखनात बोरिस स्त्रुगात्स्की यांचा हात होता. पिवळ्या काळोखात, एका संग्रहालयाच्या तळघरात, नोबेल पारितोषिक मिळालेला एक वृद्ध शास्त्रज्ञ आपल्या बेपत्ता मुलाला पत्रे लिहितो आहे. ती पोहोचणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. युद्ध कसे झाले? एका यंत्राची चूक माणसाच्या लक्षात आली, पण तिथवर धावत पोहोचायला त्याला काही सेकंद उशीर झाला, कारण हातात कॉफीचा पेला होता! शेवटी तो म्हातारा मुकी झालेली अनाथ मुले जवळ घेतो आणि काटक्यांचे आणि तारांचे एक नाताळचे झाड करतो. शत्रूचे नावही चित्रपटात घेतलेले नाही. लोखंडी पडद्याच्या दोन्ही बाजूंना आईबापांची स्वप्ने सारखीच भयंकर होती, हे त्या वर्षी मला समजले.

ज्याने किल्ली फिरवली नाही

आता तो सुरुवातीचा प्रश्न. १९८३ च्या जूनमध्ये 'वॉरगेम्स' नावाचा चित्रपट आला. त्याच्या पहिल्याच प्रसंगात जमिनीखालच्या क्षेपणास्त्र केंद्रातल्या एका अधिकाऱ्याला डागण्याचा हुकूम येतो. तो म्हणतो, आधी फोनवर कोणाशी तरी बोलू द्या. आणि किल्ली फिरवत नाही. ती चाचणी असते. वरिष्ठ ठरवतात, की माणसे कच खातात, तेव्हा हे काम संगणकाकडे द्यावे. पुढे एक शाळकरी पोरगा खेळ समजून त्या संगणकाशी जोडला जातो आणि जग जळायची वेळ येते. अखेर संगणकाला फुली-गोळ्याचा खेळ स्वतःशीच खेळायला लावतात, तेव्हा त्याला उमगते की काही खेळांत जिंकायचा मार्ग न खेळणे हाच असतो. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी हा चित्रपट पाहून सेनाधिकाऱ्यांना विचारले, असे खरेच घडू शकेल का? परिस्थिती वाटते त्याहून वाईट आहे, असे उत्तर आले. संगणकांच्या सुरक्षिततेविषयीचा अध्यक्षीय आदेश १९८४ साली निघाला, तो या प्रश्नामागोमाग.

चित्रपटाला चार महिनेही झाले नव्हते. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोच्या दक्षिणेला सेरपुखोव्ह-१५ या तळघरात स्टानिस्लाव्ह पेत्रोव्ह हा अधिकारी पाळीवर होता. उपग्रहांच्या नव्या यंत्रणेने घंटा वाजवली: अमेरिकेतून क्षेपणास्त्र निघाले. मग आणखी चार. नियम असा, की वर कळवायचे. पेत्रोव्हने विचार केला, की कोणी युद्ध सुरू करील ते पाच क्षेपणास्त्रांनी कसे करील? यंत्रणा नवी, जमिनीवरची रडार काहीच दाखवत नाहीत. त्याने 'खोटी सूचना' असे कळवले आणि वाट पाहिली. काही आले नाही. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रह फसले होते. त्याला बक्षीस मिळाले नाही. उलट त्या धांदलीत नोंदवही भरली नाही म्हणून बोलणी खावी लागली. कारकुनी सर्वत्र सारखीच! तो २०१७ साली वारला.

त्याच्याही आधी, २७ ऑक्टोबर १९६२ रोजी, क्यूबाजवळ अमेरिकी नौदलाने कोंडलेल्या एका रशियन पाणबुडीत अण्वस्त्र असलेला पाणतीर सोडण्यापर्यंत मजल गेली होती. वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने कप्तानाला शांत केले. जगाला ते कळले चाळीस वर्षांनी.

वाचकहो, चित्रपटांनी बहुधा माणसाला कच्चा दुवा म्हटले: वेडा सेनापती, कॉफीचा पेला धरलेला नोकर, कचरणारा अधिकारी. प्रत्यक्षात तो कचरणारा अधिकारीच पक्का दुवा ठरला. यंत्र म्हणाले, 'आले'. माणूस म्हणाला, 'जरा थांबू'. आणि गंमत पहा. 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्ये रशियाचे एक प्रलययंत्र आहे, हल्ला झाला की आपोआप सुटणारे. ते गुपित ठेवले म्हणून डॉक्टरसाहेब वैतागतात, कारण ज्याची शत्रूला खबरच नाही, ते त्याला भिववणार कसे? १९८० नंतरच्या दशकात रशियाने, पुढारी मारले गेले तरी प्रतिहल्ला व्हावा म्हणून, 'पेरिमीटर' नावाची यंत्रणा खरोखरच उभारली. आणि खरोखरच गुपित ठेवली! तिच्यात काही माणसे ठेवली होती, एवढेच समाधान. आणखी एक बारीकसे सांगतो. चित्रपटांत दोन राजधान्यांमधला लाल टेलिफोन दिसतो. १९६३ साली खरा जोड झाला तो टेलिफोन नव्हताच, तारेने छापील मजकूर पाठवणारे यंत्र होते. बोलण्यात राग येतो, गैरसमज होतो. लिहिताना माणूस क्षणभर थांबतो. तो क्षणच हवा होता.

मिनिटांचा हिशेब

या चित्रपटांत हाताशी असलेला वेळ कसा आटत गेला, ते पाहण्यासारखे आहे. 'ऑन द बीच'मध्ये महिने आहेत. १९६४ च्या दोन्ही चित्रपटांत विमाने आहेत, म्हणून काही तास आहेत. 'द डे आफ्टर'मध्ये अर्धा तास. २०२५ साली कॅथरिन बिगेलो यांचा 'अ हाउस ऑफ डायनामाइट' आला. कोणी सोडले हे न कळलेले एकच क्षेपणास्त्र शिकागोकडे येते आहे आणि अठरा मिनिटे उरली आहेत. तीच अठरा मिनिटे तीन वेळा, निरनिराळ्या खोल्यांतून दाखवली आहेत. शेवट दाखवलेलाच नाही. आमच्या थोरल्या मुलीला तो राग आला. "मग काय झाले?" ती म्हणाली. मी म्हटले, ते ठरवायला अजून वेळ आहे, असे त्यांना सुचवायचे असेल. "अठरा मिनिटे?" ती म्हणाली.

चित्रपटांनी काही साधले का? 'द डे आफ्टर' प्रक्षेपणाआधीच पाहून आपण फार खिन्न झालो, असे रेगन यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. ८ डिसेंबर १९८७ रोजी त्यांनी आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. एका चित्रपटाने करार घडला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दहा कोटी घरगुती माणसांनी एकाच रात्री चादरी नीट करणाऱ्या त्या बाईला पाहिले, ते वाया गेले असेही मला वाटत नाही. १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती. अलीकडच्या अंदाजांत ती १२ हजारांच्या घरात आहेत. ही घट माणसांनी घडवली. पण तो १९८७ चा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला, आणि लांब पल्ल्याच्या अस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या 'न्यू स्टार्ट' कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच धरलेली होती. भरीस भर म्हणून, निर्णयाचे काम अधिकाधिक हुशार यंत्रांकडे द्यावे, ही १९८३ च्या चित्रपटातली सूचना आता गंभीर माणसे गंभीर चेहऱ्याने मांडू लागली आहेत.

या सुटीत कोणाला काय पाहावे असे विचारायचे असेल, तर सांगतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर 'वॉरगेम्स' खुशाल पाहा. नंतर फुली-गोळाही खेळा. कॉलेजातल्या मुलांना 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' आवडेल. 'व्हेन द विंड ब्लोज' मोठ्यांनी पाहावा, शक्य तर आईवडिलांच्या शेजारी बसून. 'थ्रेड्स' लहान मुलांना मुळीच दाखवू नये आणि जेवणानंतर लगेच कोणीच पाहू नये. आणि पाहून झाल्यावर घरात बोलावे. नुसते घाबरून झोपी जाण्यात काही अर्थ नाही.

आम्ही आमच्या घरी बोललो. धाकट्याने विचारले, "त्या पेत्रोव्हला हे कोणी शिकवले होते?" मला उत्तर सुचेना. सौभाग्यवती म्हणाली, "हुकूम आला तरी आधी 'का' असे विचारायचे, ते घरीच शिकवावे लागते." आणि लगेच त्याला म्हणाली, "पण तू आता 'का' न विचारता ताटे घे."

त्याने विचारलेच. मी हसलो, पण मनातून मला बरे वाटले.